सुमित्राताईंची दोन बॅटऱ्यांची गाडी

सलीमभाईंनी स्टँडवर लावलेल्या स्कूटरचा ब्रेक दाबला आणि सीटखालून ‘फट्’ असा आवाज आला. पाठोपाठ वास. जळक्या इलेक्ट्रॉनिक्सचा वास ज्याने एकदा घेतला तो जन्मात विसरत नाही. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

“मॅडम, कंट्रोलर गेला,” सलीमभाई म्हणाले.

“असा कसा गेला? आत्ता तर चाक फिरत होतं!”

“फुल स्पीडमधी फिरून राह्यलं होतं. ब्रेकलाइट लागते का पाहाले ब्रेक दाबला. बस्स. दुसरं काईच नाई केलं, अल्लाकसम.”

मी मागचं चाक हाताने फिरवून पाहिलं. फिरेना. जोर लावला तर अडखळत अडखळत इंचभर सरकलं. इलेक्ट्रिक गाडीची मोटर चाकातच असते. तिला वीज मोजून देणारा डबा म्हणजे कंट्रोलर. तो आतून जळाला की मोटरच्या वायरी आपसात जुळतात आणि मोटरच चाकाला धरून ठेवते. स्टँडवर हे झालं तर कंट्रोलरचं नुकसान. रस्त्यावर झालं तर माणूस गाडीवरून फेकला जातो.

मी दाराकडे पाहिलं. काळजी या गाडीची नव्हती. अगदी असंच काम केलेली दुसरी गाडी आदल्या दिवशी दुपारी आमच्या दारातून गेली होती.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझा छोटा वर्कशॉप आहे. आधी आम्ही स्टॅबिलायझर बनवायचो, मग इन्व्हर्टर दुरुस्त करायला लागलो, आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या. सलीमभाई पहिल्यापासून माझ्याबरोबर आहेत. ट्रान्सफॉर्मरला तार भरण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मी डिप्लोमावाली, ते अनुभववाले. भांडतो रोज, पण एकमेकांवाचून भागत नाही.

आदल्या दिवशी गेलेली गाडी सुमित्राताईंची. त्या झरी जामणीकडच्या जंगलातल्या एका गावात राहतात. पशुसखी आहेत. म्हणजे गावोगाव फिरून शेळ्या-कोंबड्यांना लस टोचायची, जंताचं औषध द्यायचं. त्यांच्या स्कूटरची एक बॅटरी जवळच्या गावांना पुरायची. लांबच्या फेरीला मात्र परतताना गाडी ढकलत आणायची वेळ यायची. त्यांच्या भावाची तसलीच गाडी अपघातात मोडली होती. बॅटरी तेवढी शाबूत राहिली. ती पोत्यात घालून त्या माझ्याकडे आल्या.

“मॅडम, ह्या दोन्ही एकमेकीले जोडून द्या. मले डबल पल्ला पाह्यजे.”

“ताई, एक जुनी, एक नवी. तशाच जोडल्या तर पेटतील.”

“काहून?”

काहून ते त्यांना सांगितलं तसंच सांगते. एक बॅटरी भरलेली आणि दुसरी रिकामी असताना दोन्हींच्या वायरी जुळवल्या, तर भरलेली सगळा करंट रिकामीत ओतायला लागते. मध्ये अडवणारं कुणी नसतं. वायर लाल होते, बॅटरी फुगते, कधी आग लागते. त्यावर उपाय म्हणून डायोड बसवतात. विहिरीवरच्या पंपाला फूट व्हॉल्व्ह असतो ना, पाणी वर जाऊ देणारा पण खाली परत न येऊ देणारा, तसा हा विजेचा. प्रत्येक बॅटरीच्या वाटेत एकेक डायोड. दोघींनी मोटरला वीज द्यायची, पण एकीची वीज दुसरीत शिरायची नाही. चार्जिंग मात्र दोघींचं वेगवेगळ्या पिनने करायचं.

ऐकायला सोपं. पण डायोड फुकट काम करत नाही. त्यातून करंट गेला की तो तापतो. पहिल्या दिवशी बसवलेला साधा डायोड असा तापला की त्याच्यावर पापड भाजला असता. मग कमी तापणारा दुसऱ्या जातीचा आणला, तळव्याएवढ्या जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवला, हवा लागेल अशी जागा केली. तीन दिवस मी त्या उष्णतेच्या मागे होते. जेवतानाही तेच. घरी नवऱ्याने विचारलं, “भाजी कशी झाली?” मी म्हटलं, “पासष्ट डिग्री.”

मग ट्रायल. वाळूचं पोतं मागे बांधून मी स्वतः एमआयडीसीच्या रस्त्यावर फेऱ्या मारल्या. फेरी झाली की डायोडला हात लावून पाहायचा. हात ठेवता येत होता. मी खूश.

आता चूक सांगते. ती आमच्याच धंद्यातला माणूस करू जाणे.

या गाड्यांच्या ब्रेकच्या मुठीत एक स्विच असतो. ब्रेक दाबला की तो दोन कामं करतो. मोटर बंद करतो आणि ई-ब्रेक लावतो. ई-ब्रेक म्हणजे पळणारं चाक उलट मोटरलाच फिरवून वीज तयार करतं आणि ती बॅटरीत परत जाते. त्यामुळे गाडी हळू होते. पण हे स्विच नेहमी धुळीने अडकतात आणि मग काम चालू असताना मोटर फिरतच नाही. म्हणून वर्कशॉपमध्ये गाडी आली की पहिलं काम काय? त्या स्विचचा प्लग उपटून ठेवायचा. सगळीकडे हेच करतात. आम्हीही केलं. माझ्या सगळ्या ट्रायल प्लग काढलेल्या गाडीवर झाल्या. साध्या ब्रेकवर.

शेवटच्या दिवशी झरीकडे परत जाणारी एक पिकअप मिळाली. ड्रायव्हर दारात हॉर्न वाजवत उभा. सलीमभाईंनी सीट बसवताना आठवणीने प्लग परत लावला. माणूस नीटनेटका, ढिलं काही ठेवत नाही. गाडी चढवली, सुमित्राताई पुढे बसल्या, गेल्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या या गाडीचाही प्लग परत लावल्यावर, मी जळक्या कंट्रोलरपाशी उभी राहून विचार करत होते की ई-ब्रेकची वीज जाते कुठे? बॅटरीत परत. पण बॅटरीच्या वाटेवर तर मी डायोड बसवलेत. परतीचा रस्ता मीच बंद केला होता. वीज कंट्रोलरमध्ये कोंडली आणि त्यालाच फोडून बाहेर पडली.

“सलीमभाई, ताईंच्या गाडीला प्लग लावला होता ना?”

“लावला ना. काहून?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

फोन लावला. ‘आपण संपर्क करू इच्छित असलेला ग्राहक’ वगैरे. पुन्हा लावला. सात वेळा तेच. मेसेज टाकला, ‘गाडी चालवू नका.’ एकच टिक. पिकअपवाल्याला लावला. तो म्हणाला, “मॅडम, मी रातीच माल उतरवला, आता वणीले हावो. थ्या बाईचं गाव जंगलात हाय, तथी टावर नाई लागत.”

“व्हॅन काढा,” मी म्हटलं.

एक कंट्रोलर, टूलबॅग, दोन पाने घेतले आणि निघालो. व्हॅन मीच चालवायला घेतली. हात रिकामे राहिले असते तर मला वेड लागलं असतं.

तो रस्ता मी कधी विसरणार नाही. काय दिसलं म्हणाल, तर काहीच दिसलं नाही. डोक्यात एकच हिशोब चालू. ई-ब्रेक अगदी हळू वेगात लागत नाही. गावातला रस्ता खराब, म्हणजे तिथे काही होणार नाही. वेग असताना दाबला तरच फुटणार. देवा, पहिल्याच ब्रेकला फुटू दे, घराजवळ, सपाटीवर फुटू दे, असं मी चक्क मनात म्हणत होते. आपण बनवलेली वस्तू लवकर बिघडावी म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले.

“उतार आहे का हो त्यांच्या रस्त्यात?” सलीमभाईंना विचारलं.

“जंगलाचा रस्ता हाय मॅडम. उतार राहीनच ना.”

मी ॲक्सिलरेटर दाबला.

“जरा हळू. आपणच कोण्या ट्रकमधी जाऊन घुसू. मंग तिले सांगन कोण?”

मी पुन्हा फोन लावायला घेतला, तो त्यांनी काढून घेतला आणि स्वतः लावत बसले. दर पाच मिनिटांनी. “नाई लागत,” म्हणायचे. काही वेळाने ते म्हणणंही त्यांनी सोडलं. पांढरकवडा मागे पडल्यावर अचानक बोलले, “प्लग मीच लावला मॅडम.”

“प्लग लावायचाच असतो,” मी ओरडलेच. “न लावता द्यायला पाहिजे होती का गाडी? लावल्यावर एकदा ब्रेक दाबून पाहायचं काम माझं होतं. सही करून गाडी मी दिली.”

ते पुन्हा फोन लावायला लागले. मला त्यांच्यावर ओरडायचं नव्हतं, पण ओरडायला दुसरं होतंच कोण.

गावाच्या फाट्यावर टपरीवाल्याला विचारलं. सुमित्राताई सकाळीच खालच्या पोडाकडे गेल्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीकडे. “उतार उतरून जा सरळ,” तो म्हणाला. ‘उतार’ हा शब्द त्याने अगदी सहज उच्चारला.

रस्ता सागाच्या जंगलातून वळणं घेत खाली जात होता. दुसऱ्या वळणावर डांबरावर मागच्या टायरचा काळा पट्टा दिसला. लांबलचक, वाकडा. पट्टा जिथे संपला तिथे स्कूटर सागाच्या झाडाला टेकवून ठेवली होती. आरसा फुटलेला, मूठ वाकलेली. बाजूला एक चप्पल.

मी खाली उतरले आणि चप्पल उचलली. सलीमभाईंनी चाक फिरवून पाहिलं. फिरेना.

वरून गुरं घेऊन एक म्हातारा आला. त्याला विचारलं, “बाबा, या गाडीवरच्या बाई?”

“पडली ना थे. बैलबंडीनं शेतातल्या वाटेनं घरी नेली.”

“जिवंत आहे ना?” मी असंच विचारलं. मध्ये काही शोभेचं बोलायला सुचलं नाही.

“जिती हाय. बोंबलून राह्यली होती, लसीचा डबा सांभाळा म्हणून.”

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. रडले असं लिहायला लाज वाटते, पण रडले. सलीमभाई पाण्याची बाटली हातात धरून दुसरीकडे पाहत उभे राहिले.

घरी पोचलो तेव्हा अंगणात बाजेवर सुमित्राताई बसल्या होत्या. डावा हात ओढणीने गळ्यात बांधलेला, मनगट सुजलेलं, गुडघे सोललेले. नवरा लसीचा डबा घेऊन दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवायला गेला होता. मला पाहून त्यांना नवल वाटलं.

“मॅडम? तुमाले कोनं सांगतलं मी पडली म्हणून?”

मी उत्तर द्यायच्या आत त्यांच्या सासूबाई पाण्याचे गिलास घेऊन आल्या आणि बोलायलाच लागल्या. “आज अवस हाय. म्या सकाळीच म्हनलं, आज गाडी नोको काढू, आज अमावास्या हाय. आयकलं नाई. आता पाह्य. हात मोडून बसली. मी पोराले सांगतलं, आता थे गाडी इकून टाक. बाईच्या जातीले कायले पाह्यजे गाडी? अन् थे गावोगाव हिंडनं बी पुरे झालं.”

सुमित्राताई मान खाली घालून बसल्या होत्या. “लक्ष नसन माहं,” त्या पुटपुटल्या. “ब्रेक लय जोरानं दाबला असन मी.”

आता खरं सांगायचं तर मी गिलासभर पाणी संपेपर्यंत गप्प राहिले. हळूहळू प्यायले. अमावास्या माझ्या नावावरची चूक घ्यायला आपण होऊन दारात उभी होती. वर बाई स्वतःचीच चूक कबूल करत होत्या. मी गाडी घेऊन जायची, दुरुस्त करायची, ‘काळजी घ्या हो’ म्हणायचं, झालं. कुणाला कधी कळलं नसतं. सलीमभाई माझ्याकडे बघत नव्हते, हे मला दिसत होतं. पण ही बाई उद्यापासून घरी बसणार होती. आणि ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर दोन-अडीच तास व्हॅन पळवत आलेच कशाला?

“आई, अमावास्येने काही केलं नाही,” मी म्हटलं. “ताईंचीही चूक नाही. चूक माझी आहे.”

सासूबाईंनी हातातला गिलास बाजेवर ठेवला.

मी सांगितलं. दोन बॅटऱ्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मी बांध घातला. पण ब्रेक दाबला की वीज उलटी येते, तिला जायला वाट ठेवली नाही. बांध फुटावा तसा कंट्रोलर फुटला आणि चाक जाम झालं. ब्रेक हळू दाबला असता तरी उतारावर हेच झालं असतं. ताईंच्या जागी मी असते तरी मीच पडले असते.

सुमित्राताईंनी मान वर केली. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. कसलं काय! डोळे असे पेटले की मी एक पाऊल मागे सरले.

“म्हंजे तुमाले मालूम होतं?”

“आज सकाळी कळलं. दुसऱ्या गाडीचं असंच झालं तेव्हा. तेव्हापासून फोन लावतेय.”

“अन् काल?”

“काल मी पाहिलं नाही.”

“काहून नाई पाह्यलं?”

याला माझ्याजवळ उत्तर होतं. उष्णता, पापड, पासष्ट डिग्री, प्लग, पिकअपचा हॉर्न, सगळं होतं. पण त्या सुजलेल्या मनगटापुढे त्यातलं एकही तोंडातून निघेना.

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “इंजिनेर बाई हाव ना तुमी? अन् ब्रेकच नाई पाह्यला?”

डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत मला एकाही सरांनी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी “नाही पाहिला” म्हणाले.

मग आम्ही ताईंना व्हॅनमध्ये बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. सासूबाई मागे बसल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण सलीमभाईंना वाटेत विचारत होत्या, “मंग थे अवस नाई म्हणता तुमी?” सलीमभाई म्हणाले, “माय, अवस राह्यली अस्ती तर तिकडं लोहाऱ्यात आमचा कंट्रोलर कायले फुटला अस्ता? तिकडं तर गाडी रस्त्यावर गेलीच नाई.” हे त्यांना पटलं की नाही माहीत नाही. अमावास्या तर लोहाऱ्यातही होती. एक्स-रेत हाडाला बारीक चीर निघाली. प्लास्टर घातलं.

गाडी वर्कशॉपला आणली. कंट्रोलर माझ्या पदरचा बदलला. ई-ब्रेकची वायर कापून तिचं टोक बंद केलं. म्हणजे आता ब्रेक दाबला की मोटर नुसती बंद होईल, उलटी वीज येणारच नाही. त्यामुळे उतारावर सगळा भार साध्या ब्रेकवर येणार, म्हणून दोन्ही चाकांचे ब्रेक-शू नवे बसवले. ती स्टँडवर फुटलेली दुसरी गाडी, तिचंही तसंच केलं. आधी करायला हवं होतं तेच, फक्त नंतर.

प्लास्टर निघाल्याचा फोन आला तेव्हा गाडी पिकअपने पाठवली आणि मीही गेले. मला वाटलं होतं, गाडी दाखवायची, ब्रेक दाबून दाखवायचा, चहा घेऊन परतायचं. सुमित्राताईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. सीट उघडून डायोडची पट्टी पाहिली. मग किल्ली माझ्याकडे दिली.

“तुमी चालवा. मी मागं बसतो.”

“कुठे?”

“उतारावर. अजून कुठं?”

मी सपाट रस्त्यावरची इंजिनीअर. घाटात कधी दुचाकी चालवली नव्हती. तसं म्हणालेही. “मले बी कुठं चालवता येत होती जाम झालेली गाडी?” त्या म्हणाल्या आणि मागे बसल्या. सासूबाई टपरीपर्यंत चालत आल्या होत्या. तिथे उभ्या राहून पाहत होत्या.

पहिलं वळण मी पाय रस्त्याला टेकवत घेतलं. दुसऱ्या वळणाच्या आधी गाडीने वेग घेतला. मला माहीत होतं की वायर कापली आहे, मीच कापली आहे, टोक मीच बंद केलं आहे. तरी बोटं ब्रेकवर दाबायला तयार होईनात. मागून आवाज आला, “दाबा ना आता. तुमीच बनवली हाय.”

दाबला. गाडी हळू झाली. चाक फिरत राहिलं. खाली पोचून मी पाय टेकले. सुमित्राताई उतरल्या. लसीचा डबा त्यांनी मांडीवर धरून आणला होता, तो हँडलला नीट अडकवला, माझ्याकडून किल्ली घेतली आणि पोडाच्या दिशेने निघून गेल्या. मला तो चढ चालत वर यावं लागलं.

आता आमच्या जॉबकार्डवर डायोड, वायर, उष्णता या सगळ्या ओळींच्या वर मी ‘उतार’ अशी एक ओळ हाताने लिहिते. गिऱ्हाईक गाडी घेऊन दारात उभं राहिलं की बॅटरी किती जुनी, पल्ला किती हवा, हे सगळं नंतर. आधी विचारते, “तुमच्या रस्त्यावर उतार कुठे आहे?” आणि गाडी तयार झाली की तिथवर जाऊन येते. लांब पडतं. सलीमभाई कुरकुरतात. पण सपाट रस्त्यावर सगळ्यांचंच काम बरोबर असतं.